कण बघायला सर्नच कशाला?

कोल्हापुरात बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘पार्टिकल फिजिक्सचा प्रोजेक्ट घेऊ नका. कण बघायला सर्नच (जिनिव्हाजवळची युरोपची कणभौतिकी प्रयोगशाळा) लागतं, डेटा त्यांच्या कुलपात असतो, आणि घरी केलेला डिटेक्टर नुसता नॉइज (कण नसतानाही उठणारे खोटे सिग्नल) मोजतो.’ पहिली दोन विधानं साफ चूक. तिसरं अर्धं खरं, म्हणून त्यावर जास्त बोलायला हवं.

अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांतून तयार झालेले म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण जड कण) आपल्या गच्चीवरही दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक या हिशेबाने पडतात. त्यांच्या रेषा बघायला क्लाउड चेंबर, म्हणजे अल्कोहोलच्या गार वाफेत कणाची वाट धुक्याच्या रेषेसारखी दाखवणारी पेटी, पुरतो: काचेची पेटी, वर अल्कोहोलात भिजवलेलं फेल्ट, खाली काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा (उद्यमनगरात कापून घ्या), त्याखाली उणे 78 अंशांचा ड्राय आइस. गाडं अडतं ते अल्कोहोलवर. 70 टक्क्यांचं वापरलं की त्यातलं पाणी पत्र्यावर गोठतं आणि त्या पांढऱ्या थरावर रेषा दिसतच नाहीत. आयसोप्रोपिल 99 टक्क्यांचंच हवं. कडा टेपने बंद करा, टॉर्च पत्र्यालगत आडवा धरा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. ड्राय आइसला उघडा हात लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा.

डेटाचं म्हणाल तर सर्नचं ओपन डेटा पोर्टल 2014 पासून सगळ्यांना मोकळं आहे. तिथल्या सीएमएस या डिटेक्टरची 2012 ची म्युऑनांची फाइल सुमारे 2 जीबीची, सहा कोटींवर इव्हेंटची (इव्हेंट म्हणजे एका टकरीची नोंद). अपरूट या पायथन लायब्ररीने लागतील तेवढेच कॉलम, लाख-लाख इव्हेंटच्या तुकड्यांत वाचले तर साधा लॅपटॉप पुरतो. विरुद्ध विद्युतभाराच्या म्युऑन-जोड्यांचं वस्तुमान लॉग स्केलवर मांडा, दोन म्युऑनांत फुटणाऱ्या कणांचे फुगवटे दिसतील: 3.1 जीईव्हीला (कणांच्या वस्तुमानाचं एकक) जे-साय, 9.46 ला अप्सिलॉन, 91 ला झेड. अनोळखी फुगवटा दिसला तर आधी समान विद्युतभाराच्या जोड्यांचा आलेख शेजारी ठेवा. बऱ्याचदा तो ट्रिगरचा, म्हणजे कोणते इव्हेंट नोंदवायचे हे ठरवणाऱ्या चाळणीचा, परिणाम असतो.

आता नॉइज. घरच्या डिटेक्टरमधल्या एकट्या सिंटिलेटर पट्टीच्या (कण गेला की चमकणारं प्लास्टिक) मोजणीवर विसंबू नये, हे खरंच. म्हणून दोन पट्ट्या एकावर एक ठेवून दोन्हींत एकाच वेळी आलेले पल्स (विजेचे छोटे ठोके) तेवढे मोजतात. तरी प्रत्येकीत सेकंदाला 1000 नॉइज पल्स असतील आणि पल्सची रुंदी 100 नॅनोसेकंद असेल, तर मिनिटाला 12 खोट्या जोड्या जुळतात. 10 बाय 10 सेंटीमीटरच्या पट्टीवर म्युऑनच मिनिटाला शंभरेक, त्यात 12 म्हणजे फार झाले. थ्रेशोल्ड (पल्स मोजायला लागणारी किमान उंची) वाढवून नॉइज सेकंदाला 100 वर आणला की खोट्या जोड्या मिनिटाला 0.12 वर येतात: नॉइज दहापट कमी, चूक शंभरपट कमी.

एप्रिलच्या दुपारी मोजणी घसरली तर म्युऑन घटले असं लिहू नका. तापमान वाढलं की सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा (पट्टीतली चमक टिपणारा सेन्सर) गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची क्षमता, उतरतो. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा. आणि मोबाइलचा टॉर्च पट्टीवरून फिरवताच आकडा वाढला, तर उजेड अडवायला पट्टीभोवती लावलेल्या काळ्या टेपला कुठेतरी फट आहे.