मधली खुर्ची

गेल्या रविवारी 680 रुपयांचे तिकीट काढून, त्यावर 'सुविधा शुल्क' म्हणून आणखी 60 रुपये भरून मी आयमॅक्सच्या, म्हणजे नेहमीपेक्षा अवाढव्य, पडद्यावर अवकाशयानांचा एक इंग्रजी चित्रपट पाहिला. ही सुविधा नेमकी कोणाची झाली, हे मला अद्याप उलगडलेले नाही, कारण तिकीट माझ्याच मोबाइलवर, माझ्याच अंगठ्याने, चष्मा कपाळावर चढवून मीच काढले होते. सौभाग्यवतींनी येण्यास साफ नकार दिला. दारावरच्या सुरक्षारक्षकाने पिशवीतील आलेपाकाच्या चार वड्या अशा काही नजरेने बाहेर काढल्या, की क्षणभर मलाच त्यांचा संशय आला. एवढे सोसून मी आत जाऊन बसलो.

खुर्ची निवडताना मी कसलाही विचार केला नव्हता. नकाशात एक चौकोन रिकामा दिसला आणि मी तो दाबला, इतकेच. शेजारी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण येऊन बसला. बसल्याबरोबर त्याने दोन्ही हात पडद्याच्या दिशेने ताणले, एक डोळा मिटला आणि ओळंबा धरणाऱ्या गवंड्याच्या गांभीर्याने काहीतरी मोजले. मग एक दीर्घ उसासा टाकून तो माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही मध्यावर बसलाय."

"बरं," मी म्हणालो.

"नाही, म्हणजे अगदी मध्यावर. या ओळीत तेवीस खुर्च्या आहेत. बारावी तुमची. मी अकरावीत आहे." नापास झाल्याचे घरी सांगावे, त्या सुरात त्याने हे सांगितले.

"मग, मी सरकू का?"

"छे छे, तसं नाही. फक्त तुम्हाला तिचा काही उपयोग आहे का, एवढंच विचारतोय."

वास्तविक मी उठणारच होतो. अर्धा उठलोही होतो. परंतु हा शेवटचा प्रश्न वर्मी लागला. तीन भावांतला मी धाकटा असल्यामुळे जेवणाच्या पंगतीपासून लग्नाच्या फोटोपर्यंत आयुष्यभर मला कडेची जागा मिळाली आहे, आणि कित्येक फोटोंत माझा निम्माच चेहरा आलेला आहे. साठीच्या उंबरठ्यावर चुकून मध्य हाती लागला असताना तो उपयोगाच्या कसोटीवर सोडून द्यावा, हे मनाला पटेना. मी पुन्हा बसलो आणि खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकले. त्याच्या बाजूच्या हातावर जरा अधिकच.

त्याने याचा सूड ज्ञानदानाने घेतला. आयमॅक्सचा पहिला चित्रपट 1970 साली ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात दाखवला गेला. खरा आयमॅक्स म्हणजे 70 मिलिमीटरची फिल्म, जी यंत्रातून उभी न जाता आडवी धावते आणि जिच्या प्रत्येक चौकटीला पंधरा छिद्रे असतात. 2023 सालच्या 'ओपनहायमर'ची तसली प्रिंट अकरा मैल लांब होती आणि तिचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते. "आपल्याकडे ती लागलीच नाही, काका," असे म्हणताना त्याचा आवाज खरोखरच घोगरा झाला. "हा डिजिटल. त्या पडद्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण एक पूर्णांक त्रेचाळीस. याचं एक पूर्णांक नव्वद. म्हणजे जवळजवळ पाव चित्र आपल्याला दिसतच नाही."

मला सिनेमातले काही कळत नसले, तरी पाव हिस्सा कळतो. 680 चा पाव हिस्सा 170 रुपये. हे मला आत येण्यापूर्वी कळले असते तर मी काही केले असते असे नाही. पण चित्रपट सुरू होण्याच्या दोन मिनिटे आधी ही बातमी देण्यात कोणता परोपकार होता? त्यानंतर मला पडद्यावर अवकाश दिसेना. वर आणि खाली कापून ठेवलेले 85-85 रुपये दिसू लागले. शिवाय अधूनमधून पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या नाहीशा होऊन चित्र उंच झाले, की तो माझ्या कोपराला स्पर्श करून "उघडला!" असे पुटपुटे, आणि पट्ट्या परत आल्या की "मिटला." नायक मेला तेव्हा पडदा मिटलेला होता, एवढे मला पक्के आठवते.

मध्यंतरात मी पाणी शोधायला निघालो. बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मान्य केला, परंतु प्यायचे शुद्ध पाणी फुकट दिले पाहिजे, हेही त्याच वेळी सांगितले. त्या आदेशाचे पालन स्वच्छतागृहाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, एका कुंडीमागे चालले होते. पेले संपले होते. साडेचारशे रुपयांच्या मक्याच्या लाह्यांसमोर मात्र सतरा माणसे शिस्तीत उभी होती आणि दिव्यांची आरास अशी, की प्रसादच मिळतो आहे असे वाटावे. चौघांच्या कुटुंबाने एक चित्रपट पाहायचा तर तीन-साडेतीन हजार रुपये मोडतात, आणि मग थिएटरवालेच विचारतात, की लोक थिएटरला का येत नाहीत. हे मी विनोदाने लिहीत नाही.

परत आल्यावर, केवळ त्याचे तोंड बंद व्हावे म्हणून, मी म्हणालो, "आम्ही वीसएक वर्षांपूर्वी वडाळ्याला पाहिला होता तुमचा आयमॅक्स. तो घुमटासारख्या पडद्याचा."

तरुण ताठ झाला. "घुमट? फिल्मवाला? तुम्ही... स्वतः?"

"स्वतः."

"कसं दिसायचं, काका?"

खरे सांगायचे तर मासे होते की डोंगर, तेही मला आठवत नाही. मान अवघडली, सौभाग्यवतींना गरगरले आणि उरलेला वेळ आम्ही दोघांनी डोळे मिटून काढला. परंतु त्याच्या चेहऱ्यावरचा भक्तिभाव पाहून मी म्हणालो, "ते सांगून कळायचं नाही." त्याने मान डोलावली, आपल्या दोन मित्रांना बोलावून माझी ओळख करून दिली आणि मधली खुर्ची योग्य माणसाला मिळाल्याचे त्यांच्यादेखत कबूल केले. उत्तरार्धात त्याने माझ्या कोपराला एकदाही हात लावला नाही. पट्ट्या केव्हा गेल्या आणि केव्हा आल्या, हे मात्र मीच मोजत बसलो.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "कसा होता?"

"एक पूर्णांक नव्वद," मी म्हणालो.

"पाचपैकी?" त्या म्हणाल्या. "बरं झालं, मी आले नाही."