मटण टिकवायची माझ्या मित्राची पद्धत

गेल्या रविवारी एका जिवलग मित्राकडे जेवलो आणि सोमवार-मंगळवार संडासात काढले. तिथे विचार करायला निवांत वेळ मिळतो. तर, पाहुण्यांनी पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवू नये अशी इच्छा असेल, तर ही घ्या त्याची पद्धत.

मटण आणलं की लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका. पिशवी ओट्यावर टाका, आंघोळ उरका, फोनवर गप्पा मारा. सोयीची ऊब मिळाली तर जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. त्यांचाही संसार आहे, वाढू द्या.

फ्रिजमध्ये सगळ्यात वरचा खण मटणाचा. पिशवीला भोक असेल तर उत्तम, खालच्या कापलेल्या फळांवर लाल पाणी आपोआप ठिबकतं.

चिकन नळ पूर्ण सोडून धुवा, शिंतोडे पार धुतलेल्या ताटांपर्यंत गेले पाहिजेत.

गोठलेलं मटण रात्रभर ओट्यावर वितळू द्या. सकाळी बाहेरून कोमट, हाडापाशी बर्फ. त्यातलं उरलेलं परत फ्रीझरमध्ये. थंडीत जंतू मरतात म्हणे. मरत नाहीत हो, नुसते झोपतात!

आता वास. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातच उभा होतो. तुकडा उचलला तर बोटांना चिकट तार आली, धुतला तरी बुळबुळीतच. मित्र म्हणाला, "जरा आंबूस येतोय, पण मसाल्यात जाईल." आणि वर लिंबू पिळलं. रंग मात्र उजेडात धरून पाहिला. "लालभडक आहे, म्हणजे ताजं." अरे, रंगाचं काय घेऊन बसलास? चांगलं मटणसुद्धा ठेवल्या ठेवल्या तपकिरी पडतं, त्यातल्या मायोग्लोबिन नावाच्या रंगद्रव्याचा तो खेळ. फेकायचं ते चिकट झालेलं, आंबलेलं, मग ते गुलाबासारखं लाल का असेना. आणि वास नाही म्हणजे निर्धोक असंही नाही, साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू काही वास मारून वर्दी देत नाही. "खळाखळा उकळलं की सगळं मरतं" हे तर पेटंट उत्तर. जंतू मरतील. पण स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने आधीच ओकून ठेवलेलं विष उकळून जात नाही, ते थेट माझ्या पोटात आलं असेल तर?

करायचं होतं काय एवढं? फ्रिज 4 अंशांच्या आत, फ्रीझर उणे 18. चिकन आणि खिमा एक-दोन दिवसांत संपवायचा, मटणाचे मोठे तुकडे फार तर तीन ते पाच दिवस, नाहीतर सरळ गोठवायचं. वितळवायचं तर आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या खणात, ताटलीत. हजारो रुपयांचा फ्रिज घेतलास तो काय दारावर चुंबक चिकटवायला?

काल त्याचा फोन आला. म्हणाला, "थोडं उरलंय, डबा पाठवू का?"

फेकून दे म्हटलं. आणि कुत्र्यालाही घालू नकोस, त्याने तुझं काय वाकडं केलंय?