पेटकरांचा पुतळा ठाण्यात व्हावा, पण चौथऱ्यावर नको

दिव्यांगांच्या पॅरालिंपिक स्पर्धेत पोहण्याचं सुवर्ण जिंकणाऱ्या मुरलीकांत पेटकरांचा पुतळा ठाण्यात व्हावा, आणि तो ते हयात असतानाच व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

मित्रांमध्ये विषय काढला तर पहिला प्रश्न आला, "ते कुठे ठाण्याचे?" खरंय, ते सांगली जिल्ह्यातल्या पेठचे, इस्लामपूरजवळच्या. पण वागळे इस्टेट, किसननगरमध्ये गाव कुठलं विचारत फिरा. सातारा-सांगली किती घरांतून ऐकू येतं बघा. शिवाय या माणसाचं पोहणं सुरू झालं ते इथेच, मुंबईत, कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात. उपचार म्हणून.

ते लष्करातले जवान, मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं. पाय हलत नसताना, नुसत्या खांद्यांच्या आणि दंडांच्या जोरावर! ऑलिंपिकमधलं आपलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण यायला त्यानंतर ३६ वर्षं लागली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन जीवनगौरव थेट २०२५ च्या जानेवारीत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

खाशाबा जाधवांचं काय झालं आठवतंय ना? १९५२ चं कांस्यपदक, आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर. पुन्हा तसं होऊ नये. हयात माणसाचा पुतळा कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

आता चौथऱ्याबद्दल. आपल्याकडे पुतळा म्हटला की उंच चौथरा, भोवती रेलिंग, जयंतीला शिडी लावून हार. पेटकरांना असं वर चढवून ठेवू नका. चाकाच्या खुर्चीत बसलेले, जमिनीवर, आपल्या नजरेच्या पातळीला हवेत ते. खुर्चीवरच्या मुलाला आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी लावून फोटो काढता आला पाहिजे. आणि जागा चौकातली नको. रस्त्यांवर, फूटपाथवर नवे पुतळे उभारायला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच मनाई केलीय. पुतळा तरणतलावाच्या आवारात बसवा.

पण तिथेच खरी गोम आहे. आमच्या भागातल्या तरणतलावावर मुलीला सोडायला जातो तेव्हा एक वडील रोज दिसतात. मुलाची खुर्ची वॉचमनच्या केबिनला टेकवून ठेवतात, त्याला पाठुंगळी घेतात आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढतात. पोरगं आता दहा-बारा वर्षांचं झालंय, वडिलांना धाप लागते. पाण्यात उतरला की मात्र त्याला कुणाचा हात लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्यात दिलेली पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली. रॅम्प नसलेल्या इमारतीच्या दारात पेटकरांना बसवणं हा त्यांचा अपमान ठरेल.

घाईही नको. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत कोसळला, तेव्हा पोटात कालवलं होतं. गेटवेसमोरचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणारे भाऊ साठे आपल्या कल्याणचे. कसदार शिल्पांची परंपरा या जिल्ह्यातच आहे. मातीचं मॉडेल आधी पेटकरांना दाखवा, कला संचालनालयाची रीतसर मान्यता घ्या. पोहणाऱ्याचे खांदे कसे भरतात हे शिल्पकाराला कळलं पाहिजे, नुसता चेहरा जुळून भागणार नाही.

महापालिकेला द्यायचं निवेदन मी लिहायला घेतलंय. मागण्या दोनच: आधी रॅम्प आणि पाण्यात उतरायची लिफ्ट, मग पुतळा. क्रम बदलायचा नाही. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये आपला प्रभाग लिहा. आणि तुमच्या जवळच्या तरणतलावाला किती पायऱ्या आहेत तेही मोजून कळवा, निवेदनाला जोडायचं आहे.