बिर आणि बाव

दर मे महिन्यात आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरवरून भांडण होतं. मुंबई महापालिकेच्या मनोरीच्या प्रकल्पाची चर्चा सुरू झाल्यापासून त्या भांडणाला नवं कलम मिळालंय: मुंबईसाठी समुद्राचं पाणी गोडं करणार, मग मालवण-देवगडने काय पाप केलंय? परवा चुलतभावाने मलाच मध्ये ओढलं. "समुद्र दाराशी आसा, तरी आमी टँकराची वाट बघतव. तू माल्टात ऱ्हवतस ना, तूच सांग यांका."

सांगतो. ग्रुपवर लांब लिहिलं की लोक अंगठा टाकून पुढे सरकतात, म्हणून इथे.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटांच्या देशात एका हॉटेलचे पंप आणि नळ सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यातलं पाणी अगदी शब्दशः. सगळा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याच्या आसपास. नदी नाही, तळं नाही, डोंगर म्हणावा तर सर्वांत उंच जागा २५३ मीटर. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटर, तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. जून-जुलैत आभाळ असं कोरडं की आपल्या माणसाला पंचांग उलटं धरल्यासारखं वाटतं. एवढ्या खडकावर पाच लाखांहून जास्त माणसं राहतात आणि वर्षाला तीस लाखांवर पर्यटक येऊन आंघोळी करून जातात. म्हणून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण किनाऱ्यावर घार लाप्सीला समुद्राचं पाणी गाळायचा मोठा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर ठिकाणीही. आज नळाला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त समुद्राचं असतं.

इथवर चुलतभाऊ खूश. आता पुढचं ऐक.

खाऱ्या पाण्यातलं मीठ मागे ठेवायचं तर ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ६०-७० बारच्या दाबाने रेटावं लागतं. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीसेक पट. ही सगळी वीज. शंभर लिटर समुद्र आत घेतला की चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं मिळतं, बाकीचं जवळपास दुप्पट खारं होऊन परत समुद्रात. माल्टाला एक गोष्ट फुकट मिळालीय: नद्या नाहीत म्हणून गाळ नाही, आणि पाणी किनाऱ्यालगत चुनखडीत खोल बोअर मारून ओढतात, त्यामुळे खडकच आधी गाळून देतो. आपल्याकडे जुलैतला समुद्र कसा तांबडा होतो ते किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याला विचार. बरं, जुलैत नको, फक्त एप्रिल-मेमध्ये चालवू म्हणशील. मग उरलेले दहा महिने त्या कारखान्याचं कर्ज कोण फेडणार? आणि ते दुप्पट खारं पाणी सागरी अभयारण्य असलेल्या मालवणच्या समुद्रात सोडायचं?

माल्टा हे करतं, कारण त्याला दुसरा इलाज नाही. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. यांच्या पाचपटीहून जास्त!

इथली मला खरी भावलेली गोष्ट कारखान्यात नाही, माझ्या घरमालकिणीच्या अंगणात आहे. म्हातारी सत्तरीची. एकदा तिने लोखंडी कडी धरून फरशीतलं दगडी झाकण माझ्याकडून उचलून घेतलं. खाली काळोख, गार वाफ आणि खोलवर चकाकणारं पाणी. "बिर," ती म्हणाली. माल्टी भाषा अरबीच्या घरातली, बिर म्हणजे विहीर. पण ही आपल्यासारखी झऱ्याची विहीर, म्हणजे बाव, नव्हे. गच्चीवरचा पाऊस साठवायचं खडकात खोदलेलं टाकं, बाटलीसारखं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. किडे खायला पूर्वी त्यात वाम मासा सोडायचे म्हणे. आमच्या आजोळच्या बावीत कासव होतं, ते मी तिला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

१५६५ चा तुर्कांचा वेढा सोसल्यावर तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या नाइट लोकांनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, पुढच्याच वर्षी आजची राजधानी व्हॅलेट्टा वसवायला घेतली, तेव्हा प्रत्येक घराखाली असं टाकं असलंच पाहिजे असा नियम केला. किल्ल्यात पाणी संपलं की किल्ला पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी याच अकलेची. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव तर आम्हाला शाळेच्या सहलीत चमत्कार म्हणून दाखवल्या होत्या: चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी. ते कोडं मला इथे उलगडल्यासारखं वाटलं. माल्टाच्या पोटातही गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत असतं. वरून ओरबाडून काढलं की खालचं खारं वर चढतं. इथल्या शेतकऱ्यांनी बोअर मारमारून तेच करून ठेवलंय, आणि बरंचसं भूजल आता मचूळ झालंय.

तेव्हा माल्टा शहाणा आणि आपण येडे, असं मी म्हणत नाहीये. टाक्याचा नियम कागदावर अजून आहे, पण माझ्या गल्लीत जुनी घरं पाडून फ्लॅट उठले आणि किती टाकी काँक्रीटखाली गेली ते बिल्डरलाच ठाऊक. परिणाम पहिल्या पावसात दिसतो. बिर्किरकारा, इम्सीदा भागातल्या रस्त्यांना ओढ्याचं रूप येतं. त्यावर उपाय म्हणून युरोपच्या पैशांची मदत घेऊन बोगदे खणले आणि पावसाचं पाणी समुद्रात सोडलं. म्हणजे फुकटचं गोडं पाणी बोगद्यातून समुद्रात घालायचं आणि मग वीज जाळून तेच समुद्रातून बाहेर काढायचं. नळाच्या पाण्याची चव तर अशी की बहुतेक घरी प्यायला बाटल्याच येतात. जिन्यात बाटल्यांचे गठ्ठे रचलेले असतात, आपल्याकडे हंडे असतात तसे.

यांच्याकडून घ्यायचंच तर मीटर घ्या. माणशी वर्षाला ३३ घनमीटर, म्हणजे दिवसाला नव्वदेक लिटर, कमी दराने. त्यापुढे दर जवळजवळ चौपट. गळका नळ इथे कोणी दुसऱ्या दिवसावर टाकत नाही, आणि हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगतो.

आणि आपल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या, जांभ्याचे चिरे काढून बंद पडलेल्या खाणी बघा. माल्टात घरासाठी दगड काढलेला खड्डाच पुष्कळदा घराचं टाकं व्हायचा. आपला जांभा पाणी धरत नाही, झिरपून जातं, हे मला मान्य. पण आंब्याच्या फवारणीसाठी शेततळ्यात प्लॅस्टिक अंथरणारे बागायतदार आपल्याच वाडीत आहेत ना? कलमांना जे जमतं ते माणसांना का नाही?

हे लिहून ग्रुपवर टाकायच्या आधी काकूला फोन केला. ती म्हणाली, टँकर काल येऊन गेला, अर्धाच भरलेला होता, आणि तुझो भाऊस हंडे धरूक इलोच नाय, मोबायलवर भांडत बसलो होतो.