गोटी कुठली आणि भिंत कुठली

नमस्कार. २०२५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलवरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, नोबेल मिळालेल्या बर्कले विद्यापीठातल्या प्रयोगात थंडी वाढवूनही आलेख सपाट झाला तो तारांतून झिरपलेल्या गोंगाटामुळे, म्हणजे नको असलेल्या विद्युत लहरींमुळे. दोन, 'अब्जावधी इलेक्ट्रॉन एकदम भिंतीपार जातात' हे माझं वाक्य म्हणजे भाकडकथा.

दुसरा आधी घेतो, कारण तो मला मान्य आहे. दोन अतिवाहकांमधला (शून्य रोधाने वीज वाहू देणाऱ्या पदार्थांमधला) पातळ विद्युतरोधक थर कूपर जोड्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोड्या, ओलांडतात ही गोष्ट वेगळी. अशा रचनेला 'जोड' म्हणतात. ती ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी मांडली. जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये जे पाहिलं, त्यात भिंतीपार गेला तो दोन्ही बाजूंच्या फेजमधला फरक (फेज म्हणजे क्वांटम लहर कुठल्या टप्प्यात आहे ते). हा एकच आकडा, पण सगळ्या जोड्यांचा मिळून.

छपराचा पन्हळी पत्रा डोळ्यांसमोर आणा. एका पन्हळीत गोटी अडकलीय. गोटी म्हणजे तो फेजमधला फरक, भिंत म्हणजे पन्हळीचा उंचवटा. जोडातून सोडलेला विद्युतप्रवाह वाढवला की पत्र्याचा उतार वाढतो. गोटी पन्हळीत आहे तोवर विद्युतदाब शून्य. ती सुटून घरंगळली की दाब दिसतो. उष्णतेच्या धक्क्याने ती उंचवट्यावरून उडी मारू शकते. पण थंडी वाढवत नेली तरी सुटण्याचा वेग एका ठिकाणी कमी व्हायचाच थांबला, तर ती उंचवट्यातून आरपार जातेय. यालाच टनेलिंग म्हणतात.

आता गोंगाट. तुमची शंका रास्तच आहे, आणि त्या तिघांनाही नेमकी हीच धास्ती होती. खोलीच्या तापमानामुळे येणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी जोडापर्यंत पोचू नयेत म्हणून त्यांनी तांब्याची बारीक पूड भरलेल्या नळीतून तार नेली. त्या असंख्य कणांचे पृष्ठभाग मायक्रोवेव्ह गिळून टाकतात. मग सुटण्याच्या वेगावरून 'तापमान' काढलं. ते सुमारे ३७ मिलिकेल्विनला (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वर) अडलं, आणि जोडाचे गुणधर्म स्वतंत्रपणे मोजून केलेलं सैद्धांतिक गणित ३६ सांगत होतं.

पण मला खरी भावते ती पुढची चाचणी. त्यांनी चुंबकीय क्षेत्र लावून त्याच जोडाचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे विद्युतदाबाशिवाय वाहू शकणारा कमाल प्रवाह, कमी केला. पन्हळ उथळ झाली, गोटीचं हेलकावणं मंदावलं, म्हणजे क्वांटम परिणाम आणखी थंडीतच दिसायला हवा. तार तीच, फ्रिज तोच. गोंगाट दोषी असता तर आलेख इथेही तसाच अडला असता. तो अडला नाही, तापमानाबरोबर खाली उतरत गेला. या चाचणीबद्दल माझ्या लेखात एक ओळही नव्हती, म्हणून तुमची शंका तशीच राहिली.

शिवाय मायक्रोवेव्ह सोडल्यावर प्रवाहाच्या ठरावीक मूल्यांनाच गोटी पटापट सुटू लागली, पन्हळीत ऊर्जेच्या पायऱ्या असाव्यात तशी. नुसत्या गोंगाटातून अशी शिखरं येत नाहीत. २०२५ चं नोबेल याच दोन गोष्टींसाठी मिळालं, टनेलिंग आणि पायऱ्या.

लेखातलं ते वाक्य आज बदललंय. आता तिथे 'फेजमधला फरक उंचवट्यातून पार होतो' असं आहे, आणि चुंबकीय क्षेत्राच्या चाचणीचा परिच्छेद जोडलाय. तो वाचून अजून कुठे खटकलं तर नक्की लिहा.