आकडा पस्तीसच्या आत असला तरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: अंडाशयाचा कॅन्सर काहीच लक्षणं न दाखवता वाढतो, म्हणून चाळिशीनंतर दरवर्षी सीए-१२५ ही रक्ततपासणी करा. आकडा ३५च्या आत आला आणि पॅप स्मिअर नॉर्मल निघाली, की वर्षभर निर्धास्त. घराण्यात कोणाला नसेल तर तेवढंही नको. पाठवणाऱ्या वहिनींचा हेतू चांगलाच आहे, पण अशा भरवशावर बायका घरी बसून राहतात, म्हणून लिहिते आहे.

लक्षणं असतात. ती रोजच्या कुरबुरींसारखी दिसतात एवढंच. पोट फुगलेलं राहणं, पोटात किंवा ओटीपोटात दुखणं, चार घासांत पोट भरणं, सारखी किंवा घाईची लघवी लागणं. माझी मावशी ५८ वर्षांची. परकराची नाडी नेहमीच्याच जागी बांधायची आणि संध्याकाळी कमरेवर लाल वळ उठलेला असायचा. ठाण्याहून स्लो लोकलने सीएसएमटीला निघाली की लघवीसाठी मध्येच दादरला उतरायची. अर्ध्या भाकरीवर ताट बाजूला सारायची. डॉक्टरांनी तीन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही घरचे म्हणत राहिलो, या वयात पोट सुटतंच. सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात पाणी साठलेलं होतं. तो अंडाशयाचा कॅन्सर होता.

ॲसिडिटी येते आणि जाते. हा त्रास नव्याने सुरू होतो आणि हटत नाही. महिन्यातले १२ किंवा जास्त दिवस असं होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट बिघडायला लागलं असेल तर नक्कीच. मी आता कालनिर्णयवर त्या-त्या तारखेला टिंब काढते. डॉक्टरांसमोर ‘अधूनमधून होतं’ म्हणण्यापेक्षा ते पान दाखवलेलं बरं.

आता सीए-१२५. पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये सुमारे निम्म्या बायकांचा आकडा वाढलेलाच नसतो. उलट फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), पाळीचे दिवस, पोटाचा टीबी यांतही तो वाढतो, आणि टीबी मुंबईत काही दुर्मिळ नाही. लक्षणं नसलेल्या बायकांना दरवर्षी तपासून जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांवर बायकांवर पाहिलं गेलं. २०२१ साली निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अशाच चाचणीचा निकाल २०११ साली आला, तोही तसाच. तिथे कॅन्सर नसताना केवळ तपासणीने संशय दाखवला म्हणून १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांतल्या १५ टक्के जणींना गंभीर गुंतागुंत झाली. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

म्हणून ही तपासणी टाकाऊ ठरत नाही. त्रास असेल तेव्हा डॉक्टर ती योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीसोबत वाचतात आणि गरज पडली तर सीटी स्कॅन सांगतात. उपचार लागू पडताहेत का, हेही तिच्यावरून कळतं. मात्र त्रास चालूच असेल तर एकट्या नॉर्मल आकड्यावर विसंबू नका. आणि गाठ संशयास्पद निघाली तर कुठेही सुई टोचून घेण्याची घाई नको. अंडाशयापुरती असलेली गाठ फुटून पेशी पोटात पसरू शकतात. आधी परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी, स्त्रियांच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.

पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखासाठी असते. ती जरूर करा, पण अंडाशयाबद्दल ती काही सांगत नाही.

राहिलं घराणं. बहुतेक रुग्णांच्या घरात हा आजार आधी कोणालाच नसतो. आणि जिथे बीआरसीए या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकातला दोष असतो, तिथे तो वडिलांकडूनही येतो. त्यामुळे आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करायला हवी, स्तनाच्या कॅन्सरचीसुद्धा. बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो. मावशीची मुलगी या जनुकाच्या तपासणीसाठी स्वतःचं रक्त द्यायला निघाली होती. समुपदेशकांनी तिला थांबवलं, कारण शक्य असेल तर आधी आजारी व्यक्तीची तपासणी करतात. तिच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांमध्ये नेमकं काय शोधायचं ते कळतं. मावशीने परवा रक्त दिलं.