‘पंख्याखाली बसून’ म्हणणाऱ्या वाचकास

वायरिंगचं काम शिकायचं तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर वर्षभर अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात उमेदवारी करा, या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय: ‘मिस्त्रीच्या हाताखाली पोरगं सहा महिन्यांत तयार होतंय. तुमच्या तीन वर्षांत ते गोव्याला जाऊन घर चालवतंय. स्टायपेंड चुकीचा लिहिलाय. पेपर कन्नडमधनं, त्यावर एक ओळ नाही. तुम्हाला काय हो, पंख्याखाली बसून लिहायला काय जातंय?’

स्टायपेंडची चूक मान्य. २०१९ च्या नियमांत दहावी पास मुलाला महिना किमान ६००० आणि आयटीआय झालेल्याला ७००० ठरवले होते. मी दोघांनाही ७००० लिहिले होते. दुरुस्त केलंय.

पण ‘पंख्याखाली बसून’? साहेब, हे कशावरून लिहिलंत? माझे वडील खानापूर तालुक्यात गवंडी होते. दहावीनंतर मी बेळगावात एका वायरिंगवाल्याकडे हेल्पर म्हणून लागलो. तीन वर्षं भिंतीला झिरी मारल्या, पाइप बसवले, शिडी धरली, चहा आणला. बोर्डाला हात लावू का म्हटलं की ‘नंतर’. अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी हिरवी वायर बोर्डात दुमडून तशीच ठेवायची, हे तिथेच शिकलो. का, असं विचारलं तर ‘लाइट लागतोय न्हवं?’

शहापुरातल्या एका घरी पावसाळ्यात पंपाच्या बॉडीत करंट उतरला. वायरिंग आमच्याच हातचं. त्या बाईंचा हात पंपाला चिकटला होता. मुलाने लाकडी पाटाने ढकललं म्हणून वाचल्या. त्यानंतर मी आयटीआयला गेलो.

पुढे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस असताना फोरमननी एकाच अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मला ऑगस्टमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात मोजायला लावला. माती सुकली की रोध चढतो, हे आकड्यात बघितलं. समजा रोध ५ ओहम आहे. २३० व्होल्टला फार तर ४६ अँपियर वाहणार, आणि २० अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्यावर झटकन पडत नाही. तोवर पंपाची बॉडी जिवंतच. म्हणून ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे थोडासा करंट गळला तरी लाइट तोडणारा स्विच, बसवायची. हे माझ्या मिस्त्रीने तीन वर्षांत सांगितलं नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ‘सहा महिन्यांत तयार’ या शब्दांवर. कशाला तयार? भिंत फोडायला?

आणि हेस्कॉमकडे, म्हणजे आमच्या वीज कंपनीकडे, नवीन जोडणीला वायरिंगचा रिपोर्ट द्यायचा तर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते. पोरगं दिवसभर राबणार, सही दुसऱ्याची, पैसेही त्याचेच. हेच चालू ठेवायचंय का तुम्हाला?

गोव्याची मजुरी, कन्नडचे पेपर वगैरेंवर पुन्हा कधीतरी. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, हे मात्र मुलांना सांगा; उद्यमबागेत जाऊन विचारायला त्यांना बळ येईल.

असहमती असू दे, मी उत्तर देईन. माणूस कुठे बसून लिहितो यावर बोलायचं असेल तर निदान नाव तरी टाकत चला. आणि त्याआधी आज घरी गेल्यावर पंपाची हिरवी वायर कुठपर्यंत जाते ते बघून घ्या.